आक्का गप्प का झाली?

या पानावर जुन्या बडोद्याच्या आठवणी पुष्कळ येतात, मीही दोन-चार लिहिल्या आहेत. आज मात्र एक मत मांडायचं आहे. आणि ते मांडण्याआधी स्वतःची एक चूक कबूल करायची आहे, कारण मत त्या चुकीतूनच आलेलं आहे.

आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तुमच्याकडेही असेलच. एकतीस माणसं. बडोद्यात आम्ही नऊ जण, बाकीचे पुणे, मुंबई, बंगळूर, न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न असे पांगलेले. ग्रुप मीच सुरू केला. अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला नियम करायची खोड आहे. सकाळी फुलांची चित्रं टाकायची नाहीत, राजकारण नाही, ऐकीव औषधं नाहीत, असे नियम मी करत गेलो आणि लोक ते बऱ्यापैकी पाळत गेले.

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीच्या पुतण्याला मुलगी झाली. फोटो आला आणि तासाभरात चाळीसेक निरोप येऊन पडले. नाक अगदी दादांसारखं, जावळ किती दाट, दृष्ट काढा गं कोणीतरी, पाचवी पुजलीत का. सगळं मराठीत. पुतण्याची बायको मूळची केरळची, लहानपणापासून अमेरिकेत वाढलेली. रात्री तिचा इंग्रजीत निरोप आला. भाषा अगदी सौम्य होती. "काका, माझ्या मुलीबद्दल तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. बाळंतीण ती, पोर तिचं, आणि कौतुकाच्या पंगतीत तिच्याच पानावर काही वाढलेलं नाही. मी ताबडतोब जाहीर केलं: आजपासून ग्रुपवर सर्वांनी फक्त इंग्रजीत लिहावे, म्हणजे सर्वांना समजेल. एकोणीस अंगठे आले. मी समाधानाने झोपलो.

आता आक्काबद्दल सांगतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. दांडिया बाजारच्या बाजूला जुन्या घरात एकटी राहते, मुलगा मेलबर्नला. शिक्षण मराठी सातवी. गुजराती फर्डा बोलते, वाचते. इंग्रजी म्हणाल तर बसच्या पाट्या आणि औषधांची नावं. पण फोनवर मराठी टाईप करायला ती नातवाकडून शिकली होती आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यात नेमाने लिहिणारी तीच होती. सकाळी सहाला तिथी. मग अंगणातल्या तुळशीचं काहीतरी. कोणी जुना फोटो टाकला की मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणार तीच. आमच्या आजोबांच्या वेळची माणसं ओळखणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

नियम झाल्यावर आक्का नुसते हात जोडलेलं चित्र टाकू लागली. काही दिवसांनी तेही थांबलं. एकतीस जणांच्या गलबल्यात एक आवाज कमी झाला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही आला नाही, हे लिहायला लाज वाटते.

त्या दिवाळीच्या आधी मी आणि सौ. महिनाभर मुलीकडे बंगळूरला होतो. परत आल्यावर फराळाचा डबा घेऊन आक्काकडे गेलो, तर तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती. नऊ दिवस झाले होते. शेजारच्या गुजराती बेन तिला रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेल्या, त्याच दोन वेळचा डबाही देत होत्या.

मी जरा रागावूनच म्हटलं, "अगं, फोन नाही का करायचा?"

"तू लेकीकडे गेलेला. फोन वाजला की माणूस घाबरतं."

"मग ग्रुपवर टाकायचंस."

ती म्हणाली, "तिथं इंग्रजीत लिहायचं असतं ना आता? डाव्या हाताने मराठीत लिहिलं होतं तीन ओळी. मग पुसून टाकलं. म्हटलं, नियम तूच केलायस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येताना मला पादरा तालुक्यातली आमची शाखा आठवली. सन १९८० च्या आसपासची गोष्ट. त्या काळी कर्जाचे आमचे कागद इंग्रजीत छापलेले असत. कर्जदार किंवा जामीनदार इंग्रजी न जाणणारा असेल, त्याची सही गुजरातीत असेल किंवा अंगठा असेल, तर खाली एक जादा मजकूर असे: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून व समजावून सांगितला, तो मला समजला, मग मी सही केली. त्याखाली समजावून सांगणाऱ्याची सही. बँकेत काम केलेल्यांना हा मजकूर चांगला माहीत असेल. कागदांचा गठ्ठा मोठा, बाहेर रांग, त्यामुळे हा मजकूर पुष्कळदा शिक्का मारल्यासारखा उरकला जाई. मीही उरकत असे.

एकदा एक विधवा बाई दिराच्या कर्जाला अंगठा देऊन गेल्या. दोन वर्षांनी हप्ते थकले, नोटीस गेली, आणि त्या बाई नोटीस हातात घेऊन शाखेत आल्या. त्यांना वाटलं होतं, आपण साक्षीदार आहोत. त्या जामीनदार होत्या. साक्षी आणि जामीन हे दोन्ही शब्द गुजरातीतही तेच आहेत. म्हणजे सांगायला अवघड काहीच नव्हतं, अर्ध्या मिनिटाचं काम होतं. समजावून सांगितल्याबद्दल खाली सही माझी होती आणि मी काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढे दिराने थोडंथोडं करून कर्ज फेडलं, बाईंवर वसुलीची वेळ आली नाही. पण त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी तो मजकूर स्वतः वाचून, बोलून, उलट विचारून मगच सही केली. "काकी, काय समजलात ते मला सांगा" असं विचारायचो. कारखान्यातली माणसं हसायची, शेतकरी मात्र नीट सांगायचे.

इतकं शिकलेला माणूस घरच्या ग्रुपवर तीच चूक पुन्हा करून बसला. "सर्वांना समजेल" असं मी लिहिलं, पण सर्वांना म्हणजे कोणाला, हे मोजलंच नाही. इंग्रजी सगळ्यांची भाषा आहे असं आपण गृहीत धरतो, कारण ज्यांना ती येत नाही ते तक्रारही इंग्रजीत करू शकत नाहीत. सुनेला अडचण झाली तेव्हा तिला ती सांगता आली. आक्काला झाली तेव्हा तिच्याकडे ती सांगायची भाषाच आम्ही ठेवली नव्हती. अंगठे एकोणीस आले होते. उरलेल्या अकरा जणांचं काय, हे बँकेच्या माणसाने तरी विचारायला हवं होतं.

मी पुतण्याला आणि सुनेला फोन लावला, आक्काचं सगळं सांगितलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "काका, मराठी बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. काय लिहिलंय ते सांगा, एवढंच विचारलं होतं."

खरंच की. मी तिचा निरोप पुन्हा काढून पाहिला. तिने प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर न देता फर्मान काढलं होतं. त्या चाळीस निरोपांत काय होतं, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. दृष्ट म्हणजे काय, पाचवी म्हणजे काय, दादा कोण आणि त्यांचं नाक कसं होतं. बंद करणं सोपं होतं, सांगायला बसावं लागलं असतं.

हा विषय मी मग ग्रुपवर मांडला. पुण्याचे आमचे एक चुलतभाऊ एकदम उसळले. म्हणाले, घर आपलं, माणसं आपली, मराठीतच बोलायचं. ज्याला समजत नाही त्याने शिकावं. या पानावरच्या पुष्कळांना हे पटेल. मलाही ऐकताना बरं वाटलं. पण मी बडोद्याचा आहे, आणि आपली भाषा आपण पडद्यासारखी कशी वापरतो हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

आमची आई खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी गुजरातीत भाव करायची आणि मध्येच मावशीला मराठीत सांगायची, "लुटारू आहे मेला, पुढे चल." एकदा त्या भाजीवाल्याने शांतपणे तागडी खाली ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हटलं, "बाई, लुटारू पुढेही बसलेत, निदान मी तरी ताजं देतो." आई जन्मभर त्याच्याकडूनच शाक घेत राहिली. हे हसण्यावारी गेलं. पण हाच पडदा घरात सुनेसमोर, जावयासमोर, कचेरीत परप्रांतीय सहकाऱ्यासमोर ओढला जातो, तेव्हा समोरच्याला शब्द कळत नसले तरी पडदा ओढलेला कळतो.

१९८६ मध्ये मला बढती मिळाली आणि बदली कोइमतूरला झाली. दुपारी जेवायला सगळे एकत्र बसायचे आणि तमिळमध्ये गप्पा रंगायच्या. त्यांचं गाव, त्यांची भाषा, त्यांचा डबा, माझी तक्रार करायची काहीच जागा नव्हती. पण सगळे हसले की आपणही कशाला तरी हसतो, आणि मग मनात येतं, आपल्यावर तर नव्हते ना हसले? पहिले दोन महिने मी असा डबा खाल्ला. मग एक वयस्कर हेडक्लार्क माझ्या शेजारी येऊन बसू लागले. दर थोड्या वेळाने ते हळूच इंग्रजीत एक ओळ सांगायचे. पाण्याच्या टँकरबद्दल चाललंय. याच्या सासऱ्याने स्कूटर विकत घेतली, ती चालवता येत नाही. बस, एवढंच. त्यांनी कोणाला तमिळ बोलू नका म्हटलं नाही. गप्पांची मजा गेली नाही आणि मी पंगतीबाहेर राहिलो नाही. सहा महिन्यांनी तर मला ती ओळही लागेनाशी झाली, अर्धंमुर्धं आपोआप कळू लागलं.

चुलतभावांना मी हेच सांगितलं. "शिकावं" हे ठीक आहे, पण शेजारी बसून सांगणारा कोणी असेल तर माणूस शिकतो. नाहीतर तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो.

आणि आपल्याला हे नवं थोडंच आहे? तिसरे सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले, १८७५ मध्ये गादीवर बसले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं शिक्षण चार भाषांत झालं: मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती. रयतेने मराठी शिकावं मगच कारभार चालेल, असं त्यांनी म्हटलं नाही, आणि स्वतःची मराठीही सोडली नाही. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९०९ मध्ये याच बडोद्यात मराठी साहित्य संमेलनही भरलं. आणि १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' नावाचा जाडजूड कोश निघाला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी दिलेले आहेत. दरबाराला एका भाषेत कारभार उरकून टाकता आला असता. त्याऐवजी पंडितांना बसवून शब्दाशेजारी शब्द मांडायचे कष्ट घेतले. आपण बडोदेकर त्या परंपरेतले. घरी मराठी, ओटल्यावर गुजराती, बँकेत हिंदी आणि इंग्रजी, हे आपल्याला जड कधी वाटलंच नाही.

एवढं लांब कशाला, खिशातली नोट उलटून पाहा. पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी, मागे पंधरा भाषांची पट्टी. अडतीस वर्षांत नोटा किती मोजल्या असतील देव जाणे. रंग बदलले, आकार बदलले, पण पट्टी आहे. मराठीत "शंभर रुपये" लिहिल्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याचे शंभराचे नव्व्याण्णव होत नाहीत.

तर माझं मत असं. चार भाषांची माणसं एकत्र आली की सगळ्यांना समजेल अशी एक भाषा लागतेच, आणि घरात ती आज इंग्रजी असली तर असो. त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यासाठी दुसऱ्या भाषांना दार लावायची गरज नाही. ज्याला जी भाषा नीट येते त्याने तीत बोलावं, आणि ज्याला दोन्ही येतात त्याने मध्ये बसून सांगावं. सगळा भार त्या मधल्या माणसावर पडतो, हे खरं आहे. पण तो मधला माणूस म्हणजे आपणच की. आईवडिलांची मराठी आणि नातवंडांची इंग्रजी, दोन्ही धडपणे येणारी बहुधा आपली आणि आपल्या मुलांची एवढीच पिढी आहे. आपण आळस केला तर दोन टोकं एकमेकांना कधीच ऐकू येणार नाहीत.

काही जण म्हणतील, आता यंत्र भाषांतर करतं, बोट दाबलं की झालं. आम्हीही करून पाहिलं. आक्काने लिहिलं होतं, "कालपासून डोकं उठलंय." यंत्राने सुनेला सांगितलं की आक्कांचं डोकं वर आलं आहे. सुनेने विचारलं, ही चांगली बातमी आहे का? यंत्र कामाचं आहे, बाजारहाटापुरतं पुष्कळ झालं. पण दादांचं नाक कसलं होतं, ते यंत्राला कोणी सांगितलेलं नाही.

मी माझा नियम जाहीरपणे मागे घेतला आणि आक्काची माफी मागितली, मराठीत आणि इंग्रजीत. आता आमच्याकडे अशी रीत आहे. ज्याला जसं जमेल त्याने तसं लिहावं. मराठी निरोपाखाली दोन तासांत कोणीतरी इंग्रजीत एक-दोन ओळी सार लिहितं, आणि इंग्रजी निरोपाचं सार मराठीत कोणीतरी बोलून पाठवतं, कारण आक्काला आता बारीक अक्षर दिसत नाही. वार लावून घेतले आहेत, बुधवार-गुरुवार माझे. दुखणं, प्रवास, लग्नकार्य, असं काही असेल तर दोन्ही भाषांत लिहिल्याशिवाय ते कळवलं असं धरायचंच नाही. आणि वाचणाऱ्याने नुसता अंगठा न दाखवता काय समजलं ते लिहायचं. पादऱ्याची पद्धत.

शंभर टक्के चालतं असं नाही. चुकतं, राहून जातं. टोरांटोची नातवंडं मराठीचा वार टाळतात. पुण्याचे चुलतभाऊ अजून म्हणतात की हे सगळं नसतं उद्योग आहेत. पण पहाटे सहाची तिथी परत सुरू झाली आहे. प्लास्टर निघालं, हात थोडा वाकडा राहिला, म्हणून ती आता एकाच बोटाने टाईप करते आणि निरोप आखूड झाले आहेत.

मागच्या वर्षी पुतण्याच्या मुलीचं उष्टावण झालं, तेव्हा आक्काने खीर कशी करायची ते मराठीत लिहिलं, आणि वार माझा असल्यामुळे इंग्रजी मी केलं. तिकडून सुनेने खिरीचा फोटो पाठवला. आक्काने तो नाकाशी धरून पाहिला आणि मला फोन केला. "हे एवढं घट्ट कसं झालं रे? मी दोन वाट्या दूध लिहिलं होतं. तू काय लिहिलंस?"

मी पाहिलं, मी एक वाटी लिहिली होती.

तुमच्या घरी काय रीत आहे? परप्रांतीय किंवा परदेशी सून-जावई आणि फक्त मराठी जाणणारी म्हातारी माणसं, यांचं एकमेकांशी बोलणं तुम्ही कसं जुळवता, ते जरूर लिहा. आणि आपल्या ग्रुपवर अलीकडे कोण गप्प झालं आहे, ते एकदा यादी काढून पाहा.